लँग्वेज टीचरचा जॉब शोधताय? इंटरव्ह्यू आणि 'रिफंडेबल' फीच्या या चुका टाळा

मी नागपुरात धरमपेठेत जर्मन शिकवते, चौदा वर्षं झाली. माझ्याकडे शिकून गेलेली बरीच मुलं आता स्वतः शिकवून राहिली आहेत, म्हणून त्यांचे फोन माझ्याकडेच येतात. "मॅडम, जॉब लागला, फक्त थोडे पैसे भरायला सांगून राहिले, भरू का?" हा त्यातला बरा फोन. वाईट फोन म्हणजे "मॅडम, भरले." दिवाळीनंतर हा दुसरा फोन मला चार वेळा आला. दोघं जर्मनवाले, एक जपानीची, आणि एक मुलगा इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला निघालेला. चौघंही हुशार, आणि चुका चौघांच्याही त्याच. प्रत्येकाला वेगळं समजावून मी थकले, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

इंटरव्ह्यूत भाषेचा एकही प्रश्न आला नाही आणि तुम्ही खूश झालात

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, पैसे भरणं वगैरे त्याच्या नंतर येतं.

मला क्लाससाठी शिक्षक ठेवायचा असला की मी सर्टिफिकेट नंतर बघते. आधी वीस-पंचवीस मिनिटं जर्मनमध्ये गप्पा मारते, मग सांगते की समोर दहावीचा मुलगा बसलाय असं समज आणि त्याला डाटिव (जर्मनमधली एक विभक्ती) म्हणजे काय ते मराठीतून समजाव. मध्येच मुद्दाम चुकीचं वाक्य टाकते, 'इश हेल्फे डिश' (मी तुला मदत करते), जिथे 'डीअर' पाहिजे तिथे 'डिश'. समोरचा थांबवतो का, थांबवलं तर कसं थांबवतो, चिडवतो की सांभाळून घेतो, यावरून मला तो शिक्षक कळतो. माझ्यासारखी दोन खोल्यांत क्लास चालवणारी बाई एवढं बघते, तर महिना ५५ हजार देणारी कंपनी काहीच न विचारता घेईल का हो?

माझी एक विद्यार्थिनी आहे, मानेवाड्याला राहते, नाव लिहीत नाही. बी टू (ए वनपासून सुरू होणाऱ्या सहा पातळ्यांपैकी चौथी) पास, परीक्षा पुण्याला जाऊन दिलेली, अभ्यास असा की माझ्या चुका काढायची. तिला जॉब साइटवर बायोडाटा टाकल्यावर तीन दिवसांत मेसेज आला, ऑनलाइन जर्मन ट्रेनर, रोज चार तास, पगार ५५ हजार. इंटरव्ह्यू टेलिग्रामवर, रात्री साडेनऊला, आणि तोही टाइप करून, म्हणजे ना आवाज ऐकला ना तोंड पाहिलं. प्रश्न काय, तर स्वतःबद्दल सांगा, लॅपटॉप आहे का, कधीपासून जॉइन होऊ शकता, पगारासाठी कोणत्या बँकेत खातं आहे. झालं. चाळीस मिनिटांत ऑफर लेटर.

ती मला म्हणाली, "मॅडम, इंटरव्ह्यू इतका सोपा गेला ना!" मला तेव्हाच पोटात कसंतरी झालं, पण तोपर्यंत पैसे गेले होते.

ते लेटर मी तिच्या मोबाइलवर झूम करून पाहिलं. दोन गोल शिक्के, एक निळी सही, वर झकपक लोगो. आणि लेटरहेडवर 'डॉइच' या शब्दाच्या स्पेलिंगमधला एस गायब. खाली पदाच्या जागी 'लेहरर' लिहिलेलं, तेही स्मॉल लेटरने सुरू केलेलं. जर्मनमध्ये नाम कुठेही आलं तरी पहिलं अक्षर कॅपिटल हे मी ए वनच्या पहिल्या आठवड्यात शिकवते, आणि मुलगी असेल तर 'लेहररिन' हे दुसऱ्या. तिने स्वतः हे मुलांना पन्नास वेळा शिकवलं असेल, पण त्या रात्री तिने कागदावर फक्त पगाराचा आकडा वाचला. तिला मी दोष देत नाही, वर्षभर जागा शोधून थकलेलं माणूस असंच वाचतं.

माझी सवय सांगते. कोणताही इंटरव्ह्यू असो, दहा मिनिटांत भाषेवर गाडी आली नाही तर मीच आणते. "आपण थोडं जर्मनमध्ये बोलूया का, म्हणजे तुम्हाला माझी लेव्हल कळेल," एवढंच. समोर एचआरचं माणूस असेल तर ते सरळ म्हणेल की मला येत नाही, तुमचा टेक्निकल राउंड अमक्यांसोबत अमक्या दिवशी आहे. फ्रॉडवाला म्हणेल त्याची गरज नाही, तुमचं प्रोफाइल सिलेक्ट झालंय. जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, कोणतीही भाषा असो, हे करून बघा. आणि व्हिडिओ कॉलला कॅमेरा खराब आहे म्हणणाऱ्याला सांगा की दुरुस्त झाला की बोलू.

"दोन हजार तर आहेत" म्हणून पहिली फी भरली

त्याच मुलीचं पुढे ऐका. पहिले १,९५० रुपये, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन. रक्कम मुद्दाम अशी ठेवतात की घरी विचारावं लागू नये. दुसऱ्या दिवशी ८,५०० रुपये, कंपनी लॅपटॉप पाठवणार त्याचं डिपॉझिट, पूर्ण रिफंडेबल. मग १४,६०० रुपये, पेरोल अकाउंट अ‍ॅक्टिव्ह करायला, आणि हे नाही भरले तर आधीचं डिपॉझिट जप्त. इथे ती घाबरली, भावाकडून उसने घेतले आणि भरले. एकूण २५,०५०. चौथ्यांदा त्यांनी २२ हजार मागितले, रिफंडवरचा जीएसटी म्हणून, तेव्हा तिने मला फोन केला.

यातली खोच समजून घ्या, कारण शिकलेली माणसं इथेच अडकतात. पहिली फी भरली की आपण त्यांच्या बाजूचे होतो. घरच्यांनी शंका काढली तर आपणच भांडतो, "तुम्हाला ऑनलाइनचं काही कळत नाही." दुसरी फी पहिली वाचवायला, तिसरी दुसरी वाचवायला. पैसे मागण्याला प्रत्येक वेळी नवीन नाव, ट्रेनिंग किट, स्टॅम्प पेपर, आयडी कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन. 'रिफंडेबल' हा शब्द ऐकला की मी आता फोन ठेवते.

दुसरं, पैसे कोणाला गेले ते बघा. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. तिच्या तिन्ही पेमेंटला कंपनीचं नाव नव्हतं, दोन वेळा वेगवेगळ्या बाईमाणसांची नावं आणि एकदा कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. स्क्रीनशॉट तिच्याच फोनमध्ये होते. बघितले नाहीत.

माझा उपाय एकच आहे आणि तो मी सगळ्यांना पाठ करायला लावते, "सर, ही रक्कम माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्या." खऱ्या ठिकाणी उत्तर येईल की आमच्याकडे अशी फीच नाही. खोट्या ठिकाणी पॉलिसी, सिस्टिम, हेड ऑफिस सगळं आडवं येईल आणि वर "आज सहा वाजेपर्यंत, नाहीतर सीट दुसऱ्याला." सहा वाजू द्या. मी तर कोणत्याही ऑफरवर एक रात्र जाऊ दिल्याशिवाय हो म्हणत नाही, आणि त्यामुळे एकही चांगलं काम माझ्या हातून आजवर गेलेलं नाही.

कंपनीचे नंबर नुसते बघितले, वाचले नाहीत

लेटरवर सीआयएन (कंपनीचा नोंदणी नंबर) आणि जीएसटी नंबर दिसला की मुलं म्हणतात कंपनी रजिस्टर्ड आहे. अरे, वाचा तरी तो. सीआयएन २१ अक्षर-आकड्यांचा असतो. सुरुवातीच्या एल किंवा यू नंतर पाच आकडे, मग राज्याची दोन अक्षरं, आणि लगेच कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष. लेटरवर 'पंचवीस वर्षांचा अनुभव' आणि नंबरात २०२३, असं मी स्वतः पाहिलंय. जीएसटी नंबर १५ चा, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात ०७ ने असेल तर विचारा काहून म्हणून. दोन्ही नंबर सरकारी साइटवर फुकट शोधता येतात, नाव जुळतंय का बघा. पण जुळलं म्हणजे झालं असंही नाही, खऱ्या कंपनीचा नंबर चोरून लावतात, म्हणून मी कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा लँडलाइन शोधून तिथे फोन करते आणि विचारते की अशी भरती सुरू आहे का. लेटरवर दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो.

बातमी आली की मेसेज आला, आणि भरला फॉर्म

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला १० हजार जण जाणार असं पेपरात आलं. एवढ्या लोकांना जर्मन शिकवायचं तर शिक्षक लागणार, हे आपल्यासारखंच चोरांनीही वाचलं. 'गव्हर्नमेंट जर्मन प्रोजेक्ट, टीचर रिक्वायर्ड, रजिस्ट्रेशन ९९९' असे फॉरवर्ड मला माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवले. सरकारी भरतीची फी कोणाच्या गूगल पे नंबरवर जात नाही.

इथे थोडं कडू बोलते. ए टू झालं की तिसऱ्या महिन्यात ५० हजारांची शिकवणी पाहिजे असं म्हणणारी मुलं वाढली आहेत. मी सुरुवात केली तेव्हा तासाला १५० रुपये मिळायचे आणि सीताबर्डीहून सायकलने यायची, पहिली दोन वर्षं फक्त दुसऱ्याच्या बॅचमध्ये मागे बसून ऐकलं. ए टूवाल्याला ५५ हजार देतो म्हणणारा माणूस तुमच्या घाईवर धंदा करतो आहे, आणि ही घाई त्याला तुमच्या बायोडाट्यातच दिसते.

होम ट्यूशनची 'आर्मीवाले पालक' भानगड

दोन मुलांना फ्रेंच शिकवायचंय, वडील आर्मीत, आत्ताच कामठीला पोस्टिंग, सहा महिन्यांची फी आगाऊ देतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दुसरा प्रकार, "चुकून ५,००० च्या जागी ५०,००० पाठवले, ४५ परत करा." पैसे जमा झाल्याचा तो मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो, बँकेचा नसतोच. मेसेजवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बॅलन्स बघा.

विद्यार्थ्यांची फी तुमच्या खात्यात घेतली

हे सगळ्यात धोक्याचं, कारण यात तुमचे पैसे जात नाहीत म्हणून संशय येत नाही. "तुम्ही आमच्या नागपूर सेंटरच्या को-ऑर्डिनेटर, फी तुमच्या खात्यात येईल, पाच टक्के ठेवून बाकी पाठवा." ते पैसे दुसऱ्या कोणाला तरी फसवून आलेले असतात. तक्रार झाली की खातं फ्रीज तुमचं होतं आणि पोलीसही तुमच्याच दारात येतात.

'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ'

व्हिएतनामवाल्या मुलाला हेच सांगितलं होतं, वर दीड लाख. बाहेर देशात नोकरी लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणी असलेल्यांची यादी आहे. सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, आणि पावती पाहिजेच. दीड लाख मागणाऱ्याचा लायसन्स नंबर विचारा, बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं. त्याला मी विचारायला लावला आणि त्याचे उरलेले एक लाख वाचले, ५० हजार आधीच दिले होते. चीनमध्ये इंग्रजी शिकवायची जाहिरात असेल तर आधी नियम वाचा, तिथे इंग्रजी मातृभाषा असलेल्या ठरावीक देशांचे पासपोर्ट मागतात आणि त्यात भारत नाही.

कागदपत्रांच्या नावाने पण लुटतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवरून ५०० रुपयांत होतं, अपोस्टिलची (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का) परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर सेंटरचा थोडा चार्ज. 'अपोस्टिल पॅकेज १८ हजार' सांगणाऱ्याला बिलाची फोड मागा.

पासपोर्ट आणि ओरिजिनल डिग्री कोणाकडे ठेवू नका. डेमोच्या नावाने दहा-दहा लेक्चर रेकॉर्ड करून देऊ नका, एक पुरे.

पैसे गेले, आणि लाजेने गप्प बसलात

कळल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे पळायच्या आत बँकेला थांबवता येतात, म्हणून तासांचा फरक पडतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, ट्रान्झॅक्शन नंबरसकट. बँकेला पण कळवा. नंतर "तुमचे पैसे रिकव्हर करून देतो" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा.

आणि भांडण नंतर. माझ्या त्या विद्यार्थिनीने माझा फोन ठेवल्याबरोबर रागाने त्यांना लिहिलं, "पोलिसात जाते." टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडची पूर्ण चॅट उडवू शकतो, आणि तिची चॅट पाच मिनिटांत गेली, इंटरव्ह्यू, लेटर, सगळं. राहिले फक्त पेमेंटचे तीन स्क्रीनशॉट आणि ते लेटर, कारण ते तिने त्याच रात्री आनंदाने आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. त्यावर तक्रार झाली. तिसऱ्या पेमेंटमधले ९,००० रुपये पुढच्या खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे गेले. सध्या ती माझ्याकडे संध्याकाळची ए वन बॅच घेते, आणि पहिल्या पगारातून भावाचे पैसे फेडायला तिने सुरुवात केली आहे.