फ्लोचे प्रयोग करताय? आधी या चुका टाळा

रक्त वाहताना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जातं, तो शिअर स्ट्रेस, आणि त्यावरून अस्तराच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियल सेल्स, कुठले जीन चालू ठेवायचे नि कुठले दाबायचे ते ठरवतात. प्रवाह सरळ, एका दिशेचा आणि पुरेशा जोराचा असेल तर केएलएफ२ आणि केएलएफ४ हे रक्षण करणारे जीन वाढतात, त्यांच्यामागून नायट्रिक ऑक्साइड बनवणारं ईनॉस वाढतं, सूज आणणारी मंडळी गप्प बसतात. जिथे धमनीला फांदी फुटते किंवा वळण येतं तिथे प्रवाह मंदावतो, पुढे-मागे होतो, सूज पेटवणारा एनएफ-कप्पा-बी जागा होतो, पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारं व्हीकॅम-१ वर येतं, आणि प्लाकही (चरबीचा थर) बहुतेक अशाच जागी धरतो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी लॅबमध्ये चपट्या चॅनलमध्ये वाढवलेल्या या सेल्सवरून द्रव सोडायला दर नवीन माणूस पंप लावतो आणि दोन महिन्यांनी येऊन सांगतो, "मॅडम, केएलएफ२ वाढतच नाहीये."

माझा पहिला प्रश्न ठरलेला: व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) कुठली धरलीस?

कारण ही माती मी स्वतः खाल्लीय. चपट्या चॅनलमधल्या शिअरचं सूत्र सोपं आहे, सहा गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले फ्लो रेट, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. मी पुस्तकातून रक्ताची व्हिस्कॉसिटी उचलली, ३.५ मिलिपास्कल-सेकंद, आणि लावला पंप. पण चॅनलमध्ये रक्त होतं कुठे? सेल्स वाढवायचं पातळ मीडियम होतं, ते ३७ अंशाला जेमतेम ०.७. म्हणजे कागदावर शिअर १५ डाइन प्रति चौरस सेंमी आणि सेल्सना मिळत होते ३. पंधरा हा निरोगी धमनीतला आकडा, तीन हा शिरेतला किंवा धमनीच्या आजारी कोपऱ्यातला. तीन महिने मी प्रायमर बदलले, अँटीबॉडी बदलली, सेल्सचा नवा लॉट मागवला, पंपवाल्याशी फोनवर भांडलेसुद्धा. शेवटी एका सीनियरने मायक्रोस्कोपमध्ये डोकावून एवढंच विचारलं, "या लांब का नाही झाल्या गं?" खरंच, २४ तासांच्या चांगल्या फ्लोनंतर सेल्स प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीत लागायला हव्यात, माझ्या फरशा बसवल्यासारख्या जशाच्या तशा. उत्तर रोज डोळ्यासमोर होतं आणि मी पीसीआरचे (जीन मोजणीचे) आकडे उगाळत बसले होते.

उंचीचंही तसंच, तिचा तर वर्ग होतो. चॅनलची उंची ठरवणारी २५० मायक्रॉनची गॅस्केट स्क्रू आवळल्यावर २०० झाली तर शिअर दीडपटीच्या वर जातो, आणि आवळणारा हात रोज वेगळा. पंपाच्या डिस्प्लेवर तर मी विश्वासच ठेवत नाही. नळीचं टोक मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडायचं, घड्याळ लावायचं, एक मिनिटात किती मिली जमतं ते बघायचं, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा तेच करायचं, कारण पेरिस्टाल्टिक पंपाची नळी दाबून दाबून थकते. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक घाईची. फ्लो सुरू केला, तासाभरात सेल्स लाइज केल्या (मोजणीसाठी फोडल्या), सूजेचा निरोप देणारं एमसीपी-१ वाढलेलं दिसलं आणि निष्कर्ष काय, तर लॅमिनर (सरळ, एका दिशेच्या) फ्लोने सूज येते! अरे, स्थिर बसलेल्या सेल्सवर अचानक पाण्याचा लोंढा सोडलास, त्या दचकणारच. सी-फॉस, ईजीआर-१ हे चटकन जागे होणारे जीन उसळतात, एनएफ-कप्पा-बी काही वेळ चालू होतो, एमसीपी-१ चढतं आणि फ्लो तसाच सुरू राहिला की उतरतं. फ्लोची सुरुवात आणि टिकून राहिलेला फ्लो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शरीरात रक्त असं सकाळी बटण दाबून सुरू होत नाही. मी फ्लो पायऱ्यापायऱ्यांनी वाढवते, २४ तासांच्या आत हात लावत नाही, जमलं तर ४८. सुरुवातीचाच प्रतिसाद बघायचा असेल तर खुशाल बघा, पण टायटलमध्ये तसं लिहा.

कंट्रोल म्हणून नुसती स्टॅटिक प्लेट ठेवू नका. बिनप्रवाहाची धमनी म्हणजे निरोगी धमनी नव्हे. पुढे-मागे होणाऱ्या फ्लोची बाजू लावलीत तरच तुलनेला अर्थ येतो, आणि सरळ, पुढे-मागे नि स्टॅटिक अशा तिन्ही एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या (तितक्याच वेळा वाढवलेल्या) सेल्सवर.

ऑर्बिटल शेकर, म्हणजे प्लेट गोल गोल हलवणारं यंत्र, हा सगळ्यांचा लाडका शॉर्टकट. स्वस्त आहे, मान्य, पण वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) मध्यभागी शिअर कमी आणि दिशाहीन, कडेला जास्त, आणि तुम्ही अख्खी वेल खरवडून एकच आरएनए काढता. मग सरासरी कशाची? मधला आणि कडेचा भाग वेगळा घ्या नाहीतर शेकर सोडा.

बुडबुडा. एक बुडबुडा चॅनलमधून गेला की मागे सेल्स सोललेला पट्टा उरतो. मीडियम आधी गरम करून ठेवा, बुडबुडे अडवणारा ट्रॅप लावा.

हाऊसकीपिंग जीन (ज्याच्याशी बाकीचे जीन ताडून बघतात तो) म्हणून एकटं बीटा-ॲक्टिन धरू नका, फ्लोखाली ॲक्टिनचा सांगाडाच नव्याने रचला जातो. दोन-तीन जीन तपासून घ्या.

आणि पंप बंद करून चहाला जाऊ नका प्लीज. फ्लो थांबणं हाही सेल्ससाठी एक सिग्नलच आहे. माझ्याकडे सेल्स फोडणारा लायसिस बफर भरलेली सिरिंज पंप बंद करायच्या आधी हातात असते.