'रन' म्हणजे फक्त पळणं नाही बरं का

नागपुरात क्रिकेटमुळे 'रन' सगळ्यांनाच माहीत आहे, जामठ्याला मॅच असली की दिवसभर तेच चालू असते. पण इंग्रजी बोलताना नुसतं 'पळणं' डोक्यात ठेवलं ना की माणूस अडकते.

सगळ्यात आधी हे करा, जिथे आपण 'चालणं' किंवा 'चालवणं' म्हणतो तिथे 'रन' बसते का बघा. आपलं दुकान चालते, मशीन चालते, बस चालते, इंग्रजीत हे सगळं 'रन' होते. धरमपेठेत कोणी ताई मेस चालवत असतील तर 'शी रन्स अ मेस', त्यात कोणी धावून नाही राहिलं. नळाचं पाणी, सर्दीनं गळणारं नाक, तेही रनच. निवडणुकीला उभं राहणं म्हणजे 'रन फॉर'.

आता खरी मेख पुढच्या छोट्या शब्दात आहे. दूध संपलं तर 'वी रॅन आउट ऑफ मिल्क', आणि बर्डीवर जुना मित्र अचानक भेटला तर 'आय रॅन इन्टू हिम', धडक बिडक काही नाही. हे जोडीनंच पाठ करा, सुटं करू नका.

भूतकाळात 'रॅन', पण 'हॅव' आलं की परत 'रन', इथे भले भले चुकतात.

आणि घाबरू नका हो, आपल्याला भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, दिवा पण लागतो, तो 'लागणं' कोणी शिकवला होता काय आपल्याला? रोज एकच वाक्य घ्या अन् घरी मोठ्यानं बोला.