व्हीसीत आवाज तुटतोय? नेटला दोष देण्याआधी या चुका टाळा

जिल्हा परिषदेचं सभागृह असो, वाळूजची कंपनी असो नाहीतर साखर कारखान्याचं ऑफिस, व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सची, पहिली पाच-दहा मिनिटं "साहेब, आवाज यायलाय का?" यातच जातात. दोष नेटच्या माथी. नेटचा दोष कधीकधी असतोही. पण सेटअप लावायच्या आणि दुरुस्त करायच्या कामात मला दिसतं ते असं, की बहुतेक वेळा घोळ खोलीतच असतो. आवाजाची जोडणी चुकलेली असते, नाहीतर वीजपुरवठ्याची बाजू कच्ची असते, आणि पैसे मात्र कॅमेऱ्यावर घातलेले असतात. फोर-के कॅमेरा आणि माइक लॅपटॉपचाच! समोरचा माणूस जरा अंधुक दिसला तरी मीटिंग चालते, त्याचं बोलणं तुटायला लागलं की लोक मोबाइल काढून बसतात.

आवाज घुमतो तेव्हा

आधी हे लक्षात घ्या: ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे बहुधा काही बिघडलेलं नसतं. लातूरच्या माणसाला आपलंच बोलणं परत ऐकू येत असेल, तर मुंबईच्या खोलीतला स्पीकर तिथल्याच माइकमध्ये शिरतोय. लातूरला वायरी काढून-घालून काहीही होणार नाही. मुंबईला क्षणभर म्यूट करायला सांगा. घुमणं थांबलं तर दुरुस्ती तिकडे.

आपल्या खोलीतून एको जात असेल तर पहिला संशय दुसऱ्या मोबाइलवर घ्या. टीव्हीला जोडलेला लॅपटॉप मीटिंगमध्ये असतोच, शेजारी कुणीतरी "आपलं असू द्या" म्हणून मोबाइलवरूनही जॉइन झालेलं असतं. नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्या मोबाइलचा स्पीकर चालूच राहतो. मोबाइलचा ऑडिओ पूर्ण सोडा. गूगल मीटवर यासाठीच कम्पॅनियन मोड, म्हणजे आवाजाशिवाय जॉइन व्हायची सोय, दिलेली आहे.

दुसरी चूक फार सर्रास होते. टेबलावर चांगला स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकाच डब्यात) ठेवलेला असतो आणि आवाज मात्र टीव्हीतून येत असतो. आपल्या स्पीकरमधून काय वाजतंय हे स्पीकरफोनला माहीत असतं, म्हणून माइकमध्ये आलेला तोच आवाज तो वजा करू शकतो. टीव्हीतून काय वाजतंय याचा त्याला पत्ता नसतो, शिवाय बरेच टीव्ही आवाज किंचित उशिरा सोडतात. हे कुणी मुद्दाम करत नाही. एचडीएमआयची पिन लावली की विंडोज बऱ्याचदा आपणहून आवाज टीव्हीकडे वळवतं. म्हणून मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर, दोन्ही ठिकाणी स्पीकरफोनचंच नाव निवडा. 'डिफॉल्ट'वर सोडू नका.

मोठ्या सभागृहात, जिथे टेबलावर वाकड्या मानेचे माइक आणि कोपऱ्यात मिक्सर असतो, तिथला घोटाळा वेगळा. मिक्सरचा मेन आउट, म्हणजे सगळे आवाज एकत्र बाहेर पडतात ती वायर, सरळ लॅपटॉपला दिलेला असतो. त्यात लॅपटॉपमधून आलेला पलीकडचा आवाजही असतो, तो तसाच परत जातो. लॅपटॉपला ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या आउटमधून, आवाज द्या आणि त्या ऑक्सवर लॅपटॉपच्या चॅनलचं बटण पूर्ण बंद ठेवायला सांगा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साउंडवाल्यांना लग्नाचा मंडप दणाणून सोडता येतो, पण ही एक गोष्ट त्यांना सांगावीच लागते. आणि मिक्सरची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसू नका. त्या जॅकला हेडसेटचा बारीक माइक अपेक्षित असतो. मिक्सरचा तगडा सिग्नल गेला की आवाज फाटतो, किंवा लॅपटॉप तो माइक म्हणून ओळखतच नाही. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सरचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारा छोटा डबा, लागतो.

खोलीचं म्हणाल तर शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी असली की कुठलाही माइक हरतो. जाड पडदे आणि सतरंजी टाकली तरी बराच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा म्हणणं माणुसकीला धरून नाही. माइक कूलरच्या झोतातून काढा आणि बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर आणा.

लाइट आणि अर्थिंग

टीव्ही इन्व्हर्टरवर, लॅपटॉपला बॅटरी, सगळी सोय केलेली. लाइट जाते, टीव्ही चालूच राहतो आणि मीटिंग मात्र तुटते. कारण फायबरचा डबा किंवा नेटवर्क स्विच शेजारच्या खोलीत साध्या बोर्डावर असतो. लाइट परत आली तरी तो पुन्हा चालू होऊन जोडला जाईपर्यंत काही मिनिटं जातात. फायबर भिंतीतून येते तिथपासून लॅपटॉपपर्यंत वायरीमागे चालत जा, मधला एकेक डबा पाहा. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. फक्त अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्या, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो. तो चालू नसेल तर लाइट जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात, लॅपटॉपऐवजी बिनबॅटरीचा छोटा कॉम्प्युटर (मिनी पीसी) असेल तर, तो रिस्टार्ट होतो.

स्पीकरमधून सारखी घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली की समजा, अर्थिंगचं लफडं आहे. टीव्ही, मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घेतले की बरेचदा ते मिटतं. न मिटल्यास वायरमनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजायला लावा. दोन-तीनच्या आत असतील तर ठीक, पंधरा-वीस दाखवत असतील तर अर्थिंग नावालाच आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात हे हमखास होतं. काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. खड्ड्याला पाणी लागतं. टँकरच्या दिवसांत ते कुठून आणायचं हा प्रश्न रास्त आहे, पण एसीचं निथळणारं पाणी पाइपने तिकडे सोडता येतं. घूं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, शॉक बसेल.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइटची पिन आणि लॅनची वायर, दोन्ही काढा. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची लॅन केबल हवेतून नेलेली असेल तर तिच्याऐवजी तिथे फायबर टाका.

नेट आणि कॅमेरा

स्पीड टेस्टमध्ये लोक डाउनलोड बघून खूश होतात. आपला आवाज आणि चित्र अपलोडवर जातं. एचडी व्हीसीला दोन्हीकडे ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते स्थिर हवेत, म्हणून वायफायऐवजी लॅनची वायर लावा. मोबाइल हॉटस्पॉटवर छान चालतं आणि ऑफिसच्या नेटवर अडखळतं, तर फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवरची सुरक्षेची चाळण, तपासा. आवाज-चित्र वेगाने पाठवायच्या यूडीपी पद्धतीसाठी झूमला ८८०१ ते ८८१० आणि टीम्सला ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट (नेटमधले क्रमांकाचे दरवाजे) उघडे लागतात. ते बंद असले तरी मीटिंग टीसीपी या दुसऱ्या, संथ वाटेने जोडली जाते, म्हणून कुणाला संशय येत नाही. आवाज मात्र तुटत राहतो. मीटिंग दर वेळी बरोबर ४० मिनिटांनी कटत असेल तर नेट तपासू नका, झूमचं फुकटचं खातं वापरताय.

चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ आहे, तिथे ५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा मधूनच गायब होत असेल तर यूएसबीची वायर मोजा. साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंतच धड चालते, त्यापुढे ॲक्टिव्ह केबल, म्हणजे सिग्नलला मध्येच जोर देणारी, लागते. एकाला एक जोडलेल्या एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका. खिडकी बसणाऱ्याच्या पाठीमागे नको. एवढं पुरे.

आणि साहेब येऊन बसलेत, काहीच जमेना, अशी वेळ आली तर वायरींत हात घालू नका. लॅपटॉपचा ऑडिओ पूर्ण तोडा, चित्र टीव्हीवर राहू द्या. एका मोबाइलवरून त्याच मीटिंगला जॉइन व्हा, स्पीकर चालू करून तो टेबलाच्या मधोमध ठेवा आणि बाकीच्यांना मोबाइल सायलेंट करायला सांगा.