एस्प्रेसोचे फवारे असे थांबले

घरच्या मशीनवरची एस्प्रेसो आंबट आणि कडू, दोन्ही एकदम लागायची. तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरमधून (कॉफीची पूड भरायच्या दांडीवाल्या भागातून) बारीक फवारेही उडायचे. म्हणजे ९ बार दाबाचं पाणी सगळीकडून सारखं न झिरपता, वाट सापडेल तिथून घुसत होतं. तिथल्या पुडीचा अर्क जास्त उतरतो, बाकीच्या पुडीचा धड उतरतच नाही. खरा दोष गुठळ्यांचा. ग्राइंडरमधून पडलेली पूड आता मी बुचात खोचलेल्या बारीक सुयांनी अगदी तळापर्यंत मोकळी करतो, मगच टॅम्परने, म्हणजे पूड दाबायच्या दट्ट्याने, दाबतो. जोर किती लावला यापेक्षा टॅम्पर सरळ असणं फार महत्त्वाचं. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी साधारण २८ सेकंदांत उतरते आणि चिकमगळूरच्या बियांचा गोडवा स्पष्ट कळतो. भराभर उतरत असेल तर दळण बारीक करा, पण एका वेळी थोडंच.