जुनी ओम्नी किंवा इको घेताय? इंजिन थंड असताना जा

कडक भाकरी आणि शेंगाचटणी दुकानोदुकानी पोचवायला मी आजवर मारुतीच्या चार ओम्नी आणि दोन इको व्हॅन घेतल्या, सगळ्या वापरलेल्या. दरवेळी कुणीतरी शहाणा सांगतोच, "अक्का, इंजिनचा आवाज तेवढा ऐका, बास." आवाजाचं काय घेऊन बसलात? जाड ऑइल ओतलं की कुरकुरणारं इंजिनही चार दिवस गप्प बसतं. आणि "मिस्टरांना घेऊन या" म्हणणाऱ्याकडून मी गाडी घेत नाही, तो वेगळा विषय.

कागद घरबसल्या बघून घ्या: कर्जाचा बोजा उतरलाय का, विमा, पीयूसी, आणि 15 वर्षं कधी भरतात. भरली की पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर मागे लागतो. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, म्हणजे मिळेल ती जुनीच. इको 2010 पासूनची आहे.

आता जायची वेळ. सकाळी साडेसहा-सातला, गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथेच. आदल्या दिवशी फोनवर बजावा, "मी येईपर्यंत किल्ली लावू नका." गेल्या गेल्या पुढची सीट उचला, दोन्ही गाड्यांचं इंजिन तिथेच खाली असतं. हात लावून बघा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या. "आत्ताच पोराला क्लासला सोडून आलो" हे मी तीन वेळा ऐकलंय. एकदाही पोरगं दिसलं नाही.

एवढा हट्ट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी. मेमध्ये आपल्याकडे सोलापुरात पारा 43-44 ला टेकतो. नळाला पाणी रोज नाही. त्यामुळे रेडिएटरमध्ये (इंजिनचं गरम पाणी निववणारी जाळी) कूलंट, म्हणजे त्यासाठीचं खास रंगीत पाणी, घालायचं सोडून लोक बादलीभर बोअरचं पाणी ओततात. त्याच पाण्यानं घरातल्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल?

माझी दुसरी ओम्नी घेताना मालक म्हणाला होता, "पाणी जरा जास्त पिते, उन्हाळा हाय नव्हं." मी मान डोलावली. पंधरा दिवसांनी पंढरपूरला माल घेऊन निघाले, तर मोहोळच्या पुढे सीट चटके द्यायला लागली. थांबून सीट उचलली, तर डेगीत रस्सा खदखदावा तसा आवाज. मेस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोललं, त्यावर पट्टी ठेवली आणि पट्टीखालून आरपार उजेड दाखवला. हेड वाकलं होतं. त्या गाडीनं मला दोन महिने रडवलं.

गाडी म्हणजे म्हैस नाही, पाणी प्यायला. कूलिंगचं पाणी बंद चक्रात फिरतं. उन्हाळा असो की पावसाळा, पातळी जवळजवळ तीच राहायला हवी. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय: पाइपातून बाहेर, नाहीतर हेड गॅसकेटमधून, म्हणजे हेडखालच्या पातळ पत्रीतून, इंजिनात. पाइप स्वस्तात बदलतो. गॅसकेट गेलं असेल तर तुम्ही गाडी नाही, दुखणं विकत घेताय.

म्हणून थंड इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडा. तापलेल्या गाडीचं झाकण कुणी "फडकं धरून उघडतो" म्हणाला, तर त्याच्यापासून लांब उभं राहा. उसळलेल्या वाफेनं कोपरापर्यंत भाजलेला माणूस मी पाहिलाय. आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर ठीक. विटकरी पाणी म्हणजे आत गंज, तोंडाशी पांढरी खरपुडी म्हणजे बोअरचं पाणी. वर तेलाचा तवंग तरंगत असेल तर झाकण लावा आणि घरी जा.

मग ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. चहावरच्या सायीसारखा, दुधाळ चॉकलेटी थर डिपस्टिकवर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. नुसत्या झाकणाला थोडासा असेल तर लगेच घाबरू नका. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तसा दव जमतो.

आता रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडंच ठेवून मालकाला गाडी सुरू करायला सांगा, आणि तुम्ही पाण्यावर नजर ठेवा, तोंड लांब ठेवून. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. ते थांबले पाहिजेत. सोड्याच्या बाटलीसारखे येतच राहिले, किंवा रेस दिल्यावर पाणी उसळलं, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. हा खेळ दोन-तीन मिनिटांचाच. पाणी गरम व्हायच्या आत गाडी बंद करून झाकण घट्ट लावा आणि पुन्हा सुरू करा. लगेच रेडिएटरचा पाइप दाबून बघा. इंजिन अजून थंड आणि पाइप दगडासारखा कडक, तर तेच दुखणं.

सायलेन्सरमधून सकाळी चार थेंब पाणी पडलं तर ते पेट्रोल गाडीचं नेहमीचं. दहा मिनिटांनंतरही पांढरा धूर हटत नसेल, तर ते नेहमीचं नाही.

अजून दोन चलाख्या बघा. एक, रेडिएटरचा फॅन आपोआप लागायच्या ऐवजी बटणावर डायरेक्ट केलेला असतो: डॅशबोर्डखाली एक उपरं बटण, त्यातून निघालेली वायर. मालक म्हणेल, "सोयीसाठी केलंय." गाडी तापत होती म्हणून केलंय. दुसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकलेला. तो असेल तर रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप आधी बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम तापतो. काढलेला असेल तर पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत जातो. "आपल्याकडं थर्मोस्टॅट लागतच नाही" असं सांगणारे मेस्त्री सोलापुरात पैशाला पासरी आहेत. त्यांचं ऐकू नका. तो काढून तापणं बरं होत नाही, लपतं.

नंतर गाडी तुळजापूर रोडला काढा. जमलं तर दुपारी, एसी असेल तर लावून, चार माणसं बसवून, शेवटच्या चढापर्यंत. परत आल्यावर लगेच बंद करू नका. पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. फॅन आपोआप लागला आणि सुटला पाहिजे. इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून, गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. पेटलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.

बाकीचं याच फेरीत उरकतं. क्लच सोडताना खालून 'टक्' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय. खर्च किरकोळ, भावात धरा. साठच्या वेगाला मागून रडका सूर आला तर डिफरेन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा), तो किरकोळ नाही. ओम्नीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत का बघा. पायातली मॅटिंग उचलून पत्रा गंजलाय का ते नखानं दाबून बघा, दूधवाल्याची गाडी असेल तर दोनदा. सरकता दरवाजा वर उचलून हलवा. सीएनजी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची टेस्ट झाल्याची पट्टी बघा आणि किट आरसीवर चढलंय का तेही.

पाण्याची परीक्षा पास झालेली गाडी बाकी दहा गोष्टींत नापास झाली तरी मी घेते, भाव पाडून. पाण्यात नापास झाली तर फुकटसुद्धा नको.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात रेडिएटर धुऊन तयार मिश्रणाचं कूलंट भरा आणि झाकण नवीन बसवा. जुन्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं आणि दाब धरत नाही. माझ्या आत्ताच्या इकोत पाण्याची बाटली आहे, पण ती ड्रायव्हरला प्यायला.