सीटी नॉर्मल, पण पेशंट उठत नाही: न्यूरॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

रेसिडेन्सीच्या सुरुवातीला एका सकाळी कॅज्युअल्टीत एक काका आले. रात्री जेवून झोपले ते उठेचनात. साखर नॉर्मल, सीटी नॉर्मल. जोरात हाक मारली की डोळे उघडायचे, नाव सांगायचे आणि गावाचं नाव अर्ध्यावर सोडून पुन्हा झोपायचे. मुलगी विचारत होती, "बाबा झोपलेत की बेशुद्ध आहेत?" मला उत्तर देता येईना. शुद्ध म्हणजे कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), एवढंच मी पाठ केलं होतं, आणि काकांच्या कॉर्टेक्सला तर काहीच झालेलं दिसत नव्हतं.

सीनियरनी पापण्या धरून ठेवल्या आणि म्हणाले, "काका, वर बघा." बुबुळं वर जाईनात. तेवढ्यावरून त्यांनी एमआरआय मागवला. थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मध्यात खोलवर असलेल्या जोडकेंद्रात, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना दोन छोटे पांढरे ठिपके होते. एरवी त्या भागाला डावीउजवीकडून वेगवेगळ्या बारीक धमन्या रक्त पुरवतात, पण काही जणांत दोन्ही एकाच खोडातून फुटतात. तिला पर्शेरॉनची धमनी म्हणतात. ती तुंबली की दोन्ही बाजू एकदम जातात, आणि बऱ्याचदा मिडब्रेनचा (ब्रेनस्टेमच्या वरच्या टोकाचा) वरचा भागही. डोळे वर नेणं तिथूनच चालतं, म्हणून नजर अडली होती.

म्हणून शुद्धीबद्दल वाचायला बसाल तेव्हा मेंदूच्या खालच्या भागापासून वर या. १९४९ साली मोरुझ्झी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) रेटिक्युलर फॉर्मेशन या पेशींच्या जाळ्याला सौम्य वीज दिली, तशा ईईजीतल्या (मेंदूच्या विद्युत आलेखातल्या) मोठ्या संथ लाटा मोडून जागेपणीसारख्या बारीक, जलद लाटा आल्या. तिथून थॅलॅमसच्या मधल्या केंद्रकांकडे या. त्यांचे तंतू कॉर्टेक्सभर पसरतात आणि कॉर्टेक्सही थॅलॅमसकडे भरपूर तंतू परत पाठवतो. ही ये-जा चालू राहिली तरच माणूस भानावर राहतो. 'ब्रेनस्टेम म्हणजे स्विच' ही उपमा परीक्षेपुरती ठीक, वॉर्डात ती पुरत नाही. हृदय बंद पडून वाचलेले काही पेशंट बघा: ब्रेनस्टेम शाबूत, डोळे उघडे, झोपेचं चक्रही सुरू, पण कॉर्टेक्सची मोठी हानी झाल्यामुळे समोर आई उभी आहे याचं भान नाही. जागेपण आणि भान वेगळं मोजायला इथेच शिकता येतं.

पेशींच्या संख्येनेही भुलू नका. मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन्सपैकी जवळपास ६९०० कोटी सेरिबेलममध्ये (मागच्या लहान मेंदूत) आहेत, आणि त्याला इजा झाली तर तोल जातो, शुद्ध जात नाही.

२००७ चा शिफ आणि सहकाऱ्यांचा पेपर मात्र चुकवू नका. डोक्याला मार लागून सहा वर्षं झालेल्या, जेमतेम भान असलेल्या ३८ वर्षांच्या माणसाच्या थॅलॅमसमध्ये दोन्हीकडे वीज देणारे इलेक्ट्रोड बसवले, आणि तो पुन्हा तोंडाने जेवू लागला. मी हा पेपर वाचला तो काकांच्या कॉटशेजारी बसून.

आणि केसपेपरवर शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो स्कोअरची नुसती बेरीज लिहू नका. डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं लिहा, शिवाय हाक मारल्यावर डोळे किती सेकंद उघडे राहिले तेही. काकांचे डोळे पहिल्या सकाळी सात सेकंद उघडे राहिले, पाचव्या दिवशी चाळीस.

तीन आठवड्यांनी ते ओपीडीत स्वतः चालत आले. भिंतीवरचं घड्याळ बघायला त्यांनी अख्खी मान मागे टाकली. मुलगी म्हणाली, "अजून जेवताना मधेच डोळा लागतो त्यांचा."