स्पीकर की हेडफोन? पिना उपसू नका
नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी संगणक एकच. बाबांना स्पीकरवर अभंग हवेत, लेकीला क्लाससाठी हेडफोन. त्यासाठी दरवेळी संगणकामागे वाकायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणं एकत्र दाबा. आवाज कुठून यावा याची यादी उघडते, हवं ते निवडा. विंडोज १० असेल तर घड्याळाजवळचं स्पीकरचं चिन्ह दाबा आणि मग उघडलेल्या चौकटीतला वरचा बाण.

खरा घोळ नावांचा होतो. यादीत ‘स्पीकर्स’ दोनदा दिसतं आणि ऐन क्लासच्या वेळी नेमकं चुकीचं निवडलं जातं. म्हणून सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव बदला: ‘हॉलचा स्पीकर’, ‘ताईचा हेडफोन’. एवढं आजच करा, बाबांनाही मग कुणाला हाक मारावी लागत नाही. मॉनिटरला स्पीकर नसूनही तो यादीत दिसत असेल, तर तिथूनच बंद करा.